करंड्यांची वही

दिवाणजी खुर्चीत कधी पुरते बसत नसत. पुढच्या कडेला चार बोटांच्या जागेवर ते टेकत आणि दोन्ही पावले जमिनीवर अशी ठेवत, की कोणी हाक मारली तर उठायला वेळ लागू नये. पेढीवरची ती वेताची खुर्ची त्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली. पुढची वीण झिजून तुटली होती, आणि पाठीकडची मात्र कोरी करकरीत राहिली होती. मी एकदा धीर करून विचारले, की तुम्ही मागे का टेकत नाही? त्यांनी आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मागे टेकलेला माणूस बेसावध सापडतो, बीए," ते म्हणाले.

बीए हे माझे पेढीवरचे नाव. मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यात सही करता येणारा मी पहिला, आणि पुण्याला जाऊन पदवी घेणारा तर आजूबाजूच्या चार पाड्यांत पहिला. वडील भात आणि नागली पिकवत आणि सुगी संपली की पेढीचे लाकूड आपल्या गाडीतून घाटाखाली पोचवत. माझ्या पदवीचे घरच्यांना अप्रूप होते. दिवाणजींना तिची भीती होती. इंग्रजी येणारा माणूस सरकारच्या नजरेत लवकर भरतो, असे त्यांचे मत. तरी मला पेढीवर ठेवून घ्या म्हणून मालकांकडे शब्द टाकला तो त्यांनीच.

पेढी जव्हारला, बाजाराच्या वरच्या अंगाला होती. संस्थानचे दिवस. आम्ही जंगलाचे कूप, म्हणजे तोडीला काढलेले तुकडे, लिलावात घ्यायचे, साग आणि ऐन तोडून घाट उतरवायचा आणि कल्याणच्या वखारीतून विकायचा. मालक वरच्या माडीवर पान खात बसत. खाली सगळा कारभार दिवाणजींचा, आणि कारभारापेक्षा भीती जास्त.

सरकारी पाकीट आले की ते लगेच उघडत नसत. ओसरीवर उन्हात ठेवून त्यावर दगड ठेवत. ओल लागलेल्या धान्याला ऊन दाखवावे, तसे. तासाभराने पाकीट आत आणून, दाराला कडी घालून, मग वाचत. त्यांच्या तोंडी एकच वाक्य नेहमी असे : "कागद झोपत नाही, बीए. आपण झोपतो." बाजारात लोक त्यांची थट्टा करीत. किराणावाल्याने एकदा गंभीर चेहऱ्याने सांगितले, की दिवाणजी, दरबारने माणसाच्या सावलीवर जकात बसवली म्हणे. दिवाणजी जागच्या जागी थांबले आणि तितक्याच गंभीरपणे त्यांनी विचारले, "कधीपासून?"

लोक हसले. मीही हसलो. आज त्याची लाज वाटते.

वर्षातून एकदा त्यांची भीती कळसाला पोचे, ती दिवाळीच्या आधी पंधरा दिवस. पेढीच्या गिऱ्हाइकांना त्या दिवसांत करंड्या जात. डोंगरातला मध, चारोळी, डिंक, हातसडीचा तांदूळ. करंड्या विणायला सूर्यमाळच्या अंगाची एक म्हातारी येई. तिची प्रत्येक करंडी दिवाणजी उलटी करून, बुडावर तळहात दाबून, कानाशी धरून बघत. ती डोंगरातली बाई, राजालाही तूच म्हणणारी.

"दिवानजी, तू कोनाला भितस रं? करंडी मोडंल त माझी मोडंल."

"तुझी मोडली तर तू दुसरी विणशील," दिवाणजी म्हणाले. "आमचं गिऱ्हाईक तुटलं तर मी कशानं विणू?"

या करंड्यांची एक वेगळी वही होती, लाल खारव्यात बांधलेली. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कोणाला काय पाठवले, त्याची किंमत काय, हे त्यात होतेच, पण उजव्या बाजूला शेऱ्याची एक उभी पट्टी होती आणि सगळी वही त्या पट्टीसाठी होती. कल्याणचे वखारवाले : घरात गोड वर्ज्य, मध नको, डिंक द्यावा. मुंबईचे पारशी सुतारकामवाले : आईला दम्याचा त्रास, मध जुना पाहून घालावा. भिवंडीचे होड्या बांधणारे : करंडी ईदेला पाठवावी, दिवाळीला नव्हे. अमक्यांच्या सुनेला दिवस गेले आहेत, डिंक जास्त. ही माहिती ते गाडीवानांकडून, हमालांकडून काढून घेत. माझे वडीलही घरी आल्यावर सांगत, की दिवाणजींनी आज मला तासभर उभे करून कल्याणच्या शेठच्या जावयाचे विचारले.

वडिलांना ते आणखी काय काय विचारत, हे मला फार उशिरा कळले.

युरोपातली पहिली मोठी लढाई संपून काही वर्षे झाली होती आणि इंग्रज सरकारने इन्कमटॅक्सचा नवा कायदा केला होता. संस्थानात तो लागू नव्हता. पण आमची वखार कल्याणला, म्हणजे इंग्रजांच्या खालसा मुलखात, त्यामुळे तिथल्या विक्रीच्या नफ्यावर आम्हाला ठाण्याच्या कचेरीत कर भरावा लागे. एका दुपारी ठाण्याहून पाकीट आले. त्या दिवशी दिवाणजींनी ते उन्हात इतका वेळ ठेवले, की शेवटी सावली आली. मग मला आत बोलावून, कडी घालून, पाकीट माझ्या हातात दिले.

नोटीस इंग्रजीत होती. मागच्या काही वर्षांत गिऱ्हाइकांना दिलेल्या भेटींचा खर्च आम्ही नफ्यातून वजा दाखवला होता. तो मान्य का करावा, हे वह्यांसह हजर राहून समजावून सांगा, असे साहेबांनी लिहिले होते. मी ते मराठीत सांगितले. दिवाणजींनी एवढेच विचारले, की वह्यांसह म्हणजे लाल वहीसुद्धा का? मी हो म्हटले. त्यांनी खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

मी गावातल्या वकिलांकडून कायद्याचे पुस्तक मागून आणले. कॉलेजात काव्ये आणि नाटके वाचलेला मी, त्या पुस्तकापुढे आठ दिवस बसलो. सार एवढेच होते, की केवळ नफा मिळवण्यासाठी केलेला खर्च असेल तरच तो वजा करता येतो. सगळे त्या 'केवळ'वर अडकले होते. मानपान म्हणून, स्नेह म्हणून, धर्म म्हणून काही दिले असेल तर ते तुमचे तुम्ही द्या, सरकार त्यावरचा कर सोडणार नाही. आणि खोटा हिशेब खरा म्हणून दिला तर खटला आणि कैद. ते कलम मी वाचायला नको होते, निदान मोठ्याने तरी.

मालकांनी आम्हाला माडीवर बोलावले. पान लावता लावता ते म्हणाले, "दिवाणजी, वही तुमची, अक्षर तुमचं. साहेबानं ती खोटी ठरवली तर मी सांगणार, मला यातलं काही ठाऊक नाही. आणि मग पेढीचा जिना चढायची तसदी घेऊ नका."

दिवाणजी "जी" म्हणाले. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरले होते.

पुढचे दिवस आम्ही यादी इंग्रजीत उतरवण्यात घालवले. लाल वही ते स्वतःच धरून बसत. नाव आणि किंमत वाचून दाखवत, मी लिहून घेई. शेऱ्यांची पट्टी त्यांनी उपरण्याच्या टोकाने झाकलेली. एका ठिकाणी ते अडखळले, मग म्हणाले, "पुण्याचं एक ठिकाण. दोन पोती तांदूळ, एक करंडी. लिही पुढं." पुण्याला आपले गिऱ्हाईक आहे हे मला नवीन होते. पण त्यांनी लगेच पान उलटले, म्हणून विचारता आले नाही. मी त्यांना सुचवले, की शेऱ्यांची पट्टी पानांवरून फाडून काढू आणि फक्त यादी नेऊ. ते घाबरून माझ्याकडे बघत राहिले. वहीचे पान फाडणे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. पेढीच्या कोठारातून जे बाहेर पडले ते वहीत आलेच पाहिजे, नाक्यावरच्या शिपायाने विचारले तर दाखवता आले पाहिजे, आणि एकदा वहीत आले की ते खोडायचे नाही. आयुष्यभर हाच त्यांचा बचाव होता. आता तोच त्यांच्यावर उलटणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

ठाण्याला आम्ही वाडा, भिवंडी करत गाडीने निघालो. वही त्यांनी कोटाच्या आत पोटाला बांधली होती. वाड्यापर्यंत ते मागे वळून रस्ता बघत राहिले. मग अचानक विचारले, "बीए, कैदेत बसायला काय देतात?"

मी म्हटले, असे काही होणार नाही. पण माझाही आवाज साथ देत नव्हता. त्यांना ते कळले. मला धीर द्यावा म्हणून की स्वतःला, कोण जाणे, त्यांनी मला त्या वहीची जन्मकथा सांगितली.

पेढीवर ते नवे कारकून होते. करंड्यांचे काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आले. पाऊस लांबला होता, घाट बंद, खालची बातमी वर यायला वाट नव्हती. वाट मोकळी होताच त्यांनी हौसेने सगळ्यांत मोठी करंडी सजवली, वर लाडू ठेवले, आणि सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या दारात पाठवली. त्या घरी आठवड्यापूर्वीच कर्ता मुलगा गेला होता. सुतकातल्या घरात दिवाळीचे लाडू. करंडी गाडीत परत आली, तिच्याबरोबर सौदाही परत आला. त्या वर्षी तोडलेला साग कुपातच पडून राहिला.

"चाळीस गाड्या उभ्या राहिल्या," दिवाणजी म्हणाले. "गाडीवान रोज सकाळी येऊन ओसरीवर बसायचे. कोणी शिवी दिली नाही. नुसते बसायचे. त्यात तुझा आजा होता."

एवढे सांगून त्यांनी कोटावरून वही चाचपली.

ठाण्याच्या कचेरीतले साहेब आपल्याकडचेच होते, तरुण, चष्मा लावलेले. टेबलावर कागदांचे ढीग. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले. दिवाणजी खुर्चीच्या कडेला टेकले. मी पाठ करून आणलेले इंग्रजी बोलायला लागलो. कायद्याचे कलम, भेटींची गरज, व्यापारातली चढाओढ. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि लाल वही पुढे ओढली.

ते वाचत होते ते शेरे. एकेक पान उलटत होते आणि माझे इंग्रजी फोल ठरत होते. कारण जे मी इंग्रजीत म्हटले होते, त्याच्या उलट ती पट्टी बोलत होती.

"सुनेला दिवस गेले आहेत, डिंक जास्त," त्यांनी मराठीत मोठ्याने वाचले. "आईला दमा. नातवाची मुंज झाली. हे काय आहे? हा तर घरोबा झाला. घरोबा तुम्ही खुशाल करा, पण तो धंद्याचा खर्च कसा?" मी तोंड उघडले. त्यांनी हाताने मला थांबवले. "तुम्ही नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना सांगू द्या. दिवाणजी, तुम्ही या भेटी का देता?"

दिवाणजींनी उपरण्याने कपाळ पुसले. त्यांनी दाराकडे पाहिले. दार बंद होते.

"मी भितो, साहेब," ते म्हणाले.

साहेबांना वाटले ते त्यांनाच भितात. भिऊ नका, म्हणाले.

"तसं नाही साहेब. तुम्ही विचारलंत का देतो, ते सांगतो. भितो म्हणून देतो. आमचं गाव डोंगरावर. चार महिने आम्ही मेलो का जगलो, खाली कळत नाही. लाकूड काय, सगळ्यांचं सारखंच. शेठनं आमचंच का घ्यावं? तो विसरला की संपलं. म्हणून त्याच्या घरात काय चाललंय ते मी विचारून ठेवतो. त्याच्या आईच्या खोकल्याचं मला काय, साहेब? ती म्हातारी मी पाहिलीसुद्धा नाही. पण मध नवा गेला, तिला बाधला, तर शेठ आमचं नाव काढील आणि तोंड वाकडं करील. मग माझ्या ओसरीवर गाडीवान येऊन बसतील. मला ते परत बघायचं नाही. घरोबा नाही हो हा. सगळी भीती आहे."

साहेबांनी दौतीत बुडवलेला टाक तसाच हातात धरला होता. मग त्यांनी काहीतरी लिहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, की तुमच्या त्या सगळ्या इंग्रजीपेक्षा हे कलमात नीट बसते. ते पुढची पाने चाळू लागले, आता जरा भराभर. शेवटून दुसऱ्या पानावर थांबले.

"पुणे. विद्यार्थी वसतिगृहाचे व्यवस्थापक. दोन पोती तांदूळ, एक करंडी. चार वर्षं लागोपाठ." त्यांनी चष्मा वर सरकवला. "वसतिगृह सागवान कशाला घेतं?"

त्या वसतिगृहाचे नाव त्यांनी वाचले आणि मी वहीवर वाकलो. मी तिथेच चार वर्षे राहिलो होतो. माझी निम्मी फी माफ होती. गरिबाच्या मुलांना असते तशी, असे मी धरून चाललो होतो.

साहेबांनी शेरा वाचला. "मुलगा मागून घेणार नाही. दुसऱ्यांदा वाढावे."

तिथला आचारी मला न विचारता दुसऱ्यांदा भात वाढायचा. चार वर्षे, रोज. माझ्या तोंडावर भूक दिसते म्हणून वाढतो, असे समजून मी मान खाली घालून जेवत आलो होतो. मी मागून घेत नाही हे वडिलांनाच ठाऊक होते, त्यांच्याकडूनच ते काढून घेतलेले असणार. मी दिवाणजींकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मालक दर दिवाळीला दिवाणजींना दोन पोती तांदूळ आणि एक करंडी देत, हे मला माहीत होते. साहेबांनीही दोन प्रश्नांत ते काढून घेतले. माझा चेहरा बघून बाकीचे त्यांना न सांगता समजले असावे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टाक खाली ठेवला.

"तुमच्या वाट्याची पोती तुम्ही कुठंही पाठवा," ते म्हणाले. "पेढीनं तुम्हाला दिली म्हणजे तो पगाराचा भाग. धंद्याचाच खर्च. मी तसं लिहितो. नाहीतर गिऱ्हाइकाच्या यादीत भलतीच नोंद सापडली असं लिहावं लागेल, आणि मग सगळ्याच यादीवर संशय येतो. समजलं? तुम्ही फक्त हो म्हणा."

मी मनात म्हणत होतो, हो म्हणा, दिवाणजी. एक शब्द. आयुष्यभर सरकारला जी म्हणत आलात.

दिवाणजी खुर्चीत मागे सरकले. सावकाश, सवय नसलेल्या माणसासारखे, आधी कंबर, मग खांदे. त्यांची पाठ खुर्चीला पुरती टेकली.

"नको, साहेब. ते धंद्यातलं नाही. तेवढं काढा."

"संशयाचं सांगितलं मी तुम्हाला."

"लिहा, साहेब. बाकीच्या सगळ्या भीतीच्या आहेत. ही नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी लाल शाईने ती एक ओळ खोडली, चारी वर्षांची, आणि बाकी सगळी यादी मान्य केली. पेढीच्या नावाने ताकीद लिहिली, की पुन्हा असे दिसल्यास गय केली जाणार नाही.

त्या ताकिदीचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. मालकांनी त्या एका ओळीवर बसलेला कर दिवाणजींच्या पगारातून कापला आणि दिवाळीची दोन पोती कायमची बंद केली. दिवाणजी "जी" म्हणाले. ते शेवटपर्यंत त्याच खुर्चीच्या कडेला टेकत राहिले. पाकिटे उन्हात घालत राहिले. आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी बोटाने दार दाखवले, म्हणजे कोणी ऐकेल.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार. कचेरीतून बाहेर पडताच ते पायरीवरच टेकले. मी त्यांना धरून समोरच्या खाणावळीत नेले. ते पाटाच्या कडेला बसले, वही मांडीवर घेऊन, तोंड रस्त्याकडे करून. पान वाढले तरी त्यांचा हात पुढे होईना.

"बीए, मी फार बोललो का रे?" त्यांनी हळूच विचारले. "त्यांनी माझं नाव लिहून घेतलं असेल ना?"

मी खाली पाहिले. माझ्या पानातला भात संपला होता. वाढपी आमच्या ओळीवरून निघून चालला होता, या खाणावळीत कोणाचा शेरा पोचलेला नव्हता. मी हात वर केला आणि त्याला हाक मारून म्हणालो, की इकडे भात वाढा, अजून.

दिवाणजींनी रस्त्यावरून नजर काढली. माझ्या पानात भात पडेपर्यंत ते पाहत राहिले, आणि मग त्यांनी पहिला घास घेतला.